सगळ्यांचे अंगठे वर

पुढारीपण शिकवता येतं की नाही, मला माहीत नाही. माणसाची बोलायची ढब मात्र शिकवून बिघडवता येते, हे मी आमच्याच घरात बघितलं. माझा भाऊ शेतकरी-नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला जायला लागला आणि 'ताई, वाढ' असं सरळ म्हणणारा मुलगा 'आपण जेवणाचं कसं करूया?' असं विचारायला लागला. मी म्हटलं, करूया काय डोंबल, ताट घे आणि बस.

त्याला सगळे धाकटाच म्हणतात. डोक्यावरचे केस विरळ झाले तरी धाकटा. लहानपणापासून मुखदुर्बळ. दुकानात जाऊन मीठ मागायचं तरी मागच्या दोन गिऱ्हाइकांना पुढं सोडायचा. वडील गेले तेव्हा चार माणसं भेटायला आली, तर हा गोठ्यात जाऊन बसला. नवरा गेल्यावर मी माहेरी परत आले ती शेतीसाठी कमी आणि ह्याच्यासाठी जास्त. आईला रात्रंदिवस एकच घोर, माझ्यामागं ह्याचं कसं होणार. मला तसला घोर कोणी लावून घेतला नाही. माझ्या जिभेवर सगळ्यांचा भरवसा होता.

प्रशिक्षणाला प्रत्येक गावातून एक माणूस हवा होता. हुशार होते ते केव्हाच शहरात गेले होते. उरलेल्यांत ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्याशी वाकडं. धाकट्याचं नाव पुढं आलं, कारण त्याच्याबद्दल कोणाचं वाईट मत नव्हतं. चांगलंही नव्हतं, पण ते कोणी बोललं नाही. महिन्यातून एकदा तो बसनं जायचा, खुर्च्या गोल मांडलेल्या एका हॉलमध्ये बसायचा आणि दुसऱ्या दिवशी काहीतरी नवं शिकून यायचा. शिकवणाऱ्या मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते. गोड बोलायच्या, मनापासून ऐकायच्या. त्यांनीच त्याला पहिल्यांदा पंधरा माणसांसमोर उभं केलं आणि तो पडला नाही. त्या संध्याकाळी घरी येऊन त्यानं आईला सगळं उभ्यानं बोलून दाखवलं. आईनं हातातलं काम टाकून ऐकलं, आणि मग तोंड धुवायच्या निमित्तानं मागच्या दारी जाऊन रडली.

त्या प्रशिक्षणात अंगठ्याची एक पद्धत होती. ठराव मांडायचा, मग प्रत्येकानं मूठ पुढं धरायची. अंगठा वर म्हणजे मान्य, आडवा म्हणजे शंका आहे, खाली म्हणजे नामंजूर. आणि सगळ्यांचे अंगठे वर झाल्याशिवाय निर्णय झाला असं म्हणायचं नाही. बहुमत चालत नाही, कारण हरलेला माणूस मनात धरून बसतो, असं मॅडम म्हणायच्या. ते खरंच आहे. आमच्या गावात मनात धरून बसण्यात लोकांच्या पिढ्या गेल्या. पण तोवर आमच्याकडे अंगठा लागायचा तो एक तर सहीला, नाहीतर ठेंगा दाखवायला, त्यामुळं पहिल्या बैठकीत सगळे एकमेकांकडं बघून हसत सुटले.

प्रशिक्षणाच्या शेवटी प्रत्येकानं आपल्या गावात एक काम उभं करून दाखवायचं होतं. धाकट्यानं कांद्याच्या बियाण्याचं काम घेतलं. एक बियाण्यांची कंपनी चांगल्या भावानं लाल कांद्याचं बी करून घ्यायला तयार होती, तीन हंगामांचा करार होता. अट एकच. मधमाशी जाईल तेवढ्या टापूत दुसऱ्या कुठल्याही कांद्याला फूल येता कामा नये. माशीला काय, ती ह्या फुलावरून त्या फुलावर बसणार, आणि बी भेसळीचं होणार. म्हणजे गावातल्या एकूण एक घरानं मानलं तरच जमणार. एकानं जरी दुसरा कांदा फुलू दिला तरी सगळ्यांचं मुसळ केरात. पण जमलं असतं तर गाव टिकलं असतं, हे मलाही दिसत होतं. शाळा मुलांअभावी बंद पडली होती. आणखी चारपाच घरं सामान बांधायच्या बेतात होती. त्यांतली दोन धाकट्यावर विश्वास ठेवून थांबली.

बैठक दूध डेअरीच्या खोलीत झाली. तिथंच सगळे मावतात. ओली फरशी, भिंतीला लावलेले रिकामे कॅन, कोपऱ्यात दूध थंड करायचं मशीन घरघरतंय आणि धाकटा मधोमध उभा. मॅडम मागं एका खुर्चीवर. बायकांनाही बोलवायचं असं त्यानंच ठरवलं होतं, म्हणून आई आणि मी पुढं बसलो होतो. त्यानं सगळं नीट सांगितलं. आवाज एकदाच अडकला, तेव्हा तो पाणी प्यायला आणि पुढं बोलला. मग म्हणाला, अंगठे.

सगळे वर. एक खाली. तो कोणाचा हे बघायलाही नको होतं. आमच्या गावात एकाला नन्ना म्हणतात. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवतं का देव जाणे. कशालाही आधी नाही म्हणायचं हा त्याचा धर्म. पण जे काय म्हणायचं ते तोंडावर, पाठीमागं नाही.

"तीन हंगाम घरच्या कांद्याचं बी धरायचं नाही?" नन्ना म्हणाला. "मग घरचं बी मेलं की. कांद्याचं बी काय गव्हासारखं ठेवणीतलं आहे? वर्षभर उगवतं, दुसऱ्या वर्षी निम्मं, तिसऱ्या वर्षी माती."

धाकट्यानं त्याचं ऐकून घेतलं, अगदी मॅडमनी शिकवलं तसं. मग विचारलं, तुमच्याकडं घरचं बी आहे का? नन्ना म्हणाला, माझ्याकडं नाही, पण ज्याच्याकडं असेल त्याचं काय? धाकट्यानं खोलीभर विचारलं, कोणाकडं आहे का? कोणी बोललं नाही. नन्नाचा अंगठा आधी आडवा झाला, मग कुरकुरत वर गेला. "करतो वर," म्हणाला, "पण आनंदानं नाही."

"आनंदाची अट नाही," मॅडम म्हणाल्या आणि सगळे हसले.

घरचं बी आमच्याकडं होतं. पांढरा कांदा, चपटा, गोडसर. आईच्या आईचा. आई लग्न होऊन आली तेव्हा दागिन्यांच्या जोडीला एका पुरचुंडीत ते बी घेऊन आली होती, आणि तेव्हापासून दर हंगामाला मागच्या अंगणात एक वाफा त्याचा. धाकट्याला हे माहीत नव्हतं असं नाही, पण त्याच्या लेखी ते आईचं अंगण होतं, 'घरचं बी' वगैरे नव्हतं. मी आईकडं बघितलं. तिचा अंगठा सगळ्यांच्या आधी वर गेला होता आणि अजून वरच होता.

घरी आल्यावर मी तिला धरलं. "बोलली का नाहीस?"

"काय बोलू?" ती म्हणाली. "तो एवढ्या माणसांत उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा. आणि मी त्याची आई, मीच पहिली अंगठा खाली करू? त्याचं तोंड कसं झालं असतं?"

"आणि कांदा?"

"जाऊ दे गं. एवढंसं ते." असं म्हणून ती भांडी घासायला बसली, आणि आधीच घासलेलं पातेलं परत घासलं.

तो हंगाम चांगला गेला, हे कबूल करायलाच हवं. जी माणसं एकमेकांच्या बांधावर पाय ठेवत नव्हती ती एकमेकांच्या शेतात कांदे लावायला गेली. खुडायला, खणायला सगळे मिळून. धाकटा सकाळपासून हिंडायचा, कोणाचं पाणी अडलं, कोणाचा बैल आजारी, सगळ्यांना तो हवा. दोघांच्या भांडणात पडून त्यानं ते मिटवलं तेव्हा मला माझ्याच कानांवर विश्वास बसेना. आई रोज संध्याकाळी त्याच्या वाटेकडं डोळे लावून बसायची आणि तो आला की काहीच न विचारता नुसतं त्याच्याकडं बघत राहायची. मागचं अंगण मी स्वतः खणून तिथं पालेभाजी लावली होती.

मग फुलं आली. कांद्याच्या दांड्यांवर पांढरे गोंडे उभे राहिले आणि सगळं गाव मधमाश्यांच्या आवाजानं भरलं. फुलावरून कांदा ओळखता येत नाही, लाल असो की पांढरा, गोंडा पांढराच. त्यासाठी उपटून बघावं लागतं. कंपनीचा तपासणीस फुलोऱ्यात पाहणीला येतो तसा आला. साहेब शेतं बघत बघत बंद शाळेशी पोचला आणि मागच्या भिंतीआड त्याला फडकी हलताना दिसली.

तिथं हातभर जागेत कांद्याचे दांडे होते. प्रत्येक गोंड्यावर जुन्या उशीच्या अभ्र्याची शिवलेली पिशवी चढवलेली, खाली दोऱ्यानं बांधलेली, माशी बसू नये म्हणून. वाऱ्यानं तीन पिशव्या फाटल्या होत्या आणि त्या गोंड्यांवर माश्या भणभणत होत्या. साहेबानं एक दांडा उपटला. खाली पांढरा कांदा.

गावात ही बातमी साहेबाच्या आधी पोचली. कोणी केलं हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. बैठकीत नाही कोण म्हणालं होतं? घरचं बी मरेल असं कोण म्हणालं होतं? शहाण्यांना तेवढं पुरलं. दुपारपर्यंत त्यांतले चारपाच कांदे उपटून नन्नाच्या दारात फेकलेले होते. संध्याकाळी त्याची बायको दूध घेऊन डेअरीत गेली तर मापून घेणाऱ्यानं तिच्या कॅनचं झाकणसुद्धा उघडलं नाही. ती भरला कॅन घेऊन आमच्या दारावरून परत गेली. आई उंबऱ्यात उभी होती. तिनं ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीत पुन्हा बैठक होती. साहेब येणार होता, मॅडमही बसनं आल्या होत्या. वाटेत आई चालता चालता थांबली आणि म्हणाली, "ते माझे आहेत."

खरं सांगायचं तर पिशव्यांचं ऐकल्यापासून मला वाटतच होतं. अभ्रे कुठं गेले म्हणून मी आठवडाभर घर धुंडाळलं होतं.

"आई, अगं काय केलंस हे!"

"मी नीट बांधल्या होत्या," ती म्हणाली. "रोज जाऊन बघत होते. गुडघा धरला म्हणून दोन दिवस गेले नाही, तेवढ्यात वारं सुटलं. आता ओरडू नकोस. त्या माणसाचं दूध परत पाठवलं. मी सांगून टाकते."

"धाकट्याला आधी सांग तरी."

"त्याला सांगितलं तर तो मला बोलू देणार नाही." आणि ती माझ्यापुढं चालायला लागली. गुडघा दुखत होता तरी पुढं.

डेअरीत साहेब फळीवर बसला होता. माणूस कोरडा पण सरळ होता. त्यानं करारातलं सांगितलं. चुकून झालं असेल, म्हणजे जुना कांदा मातीत राहून उगवला, जनावरानं ओढून नेला, असं काही, तर सगळ्यांच्या शेतातले उमललेले गोंडे कापून टाकायचे, न उमललेले राहतील त्यांचं बी घेऊ. पण गटातल्या माणसानं जाणूनबुजून केलं असेल तर करार संपला, ह्या गावाशी पुन्हा नाही. "आणि पिशव्या," साहेब म्हणाला, "आपोआप शिवल्या जात नाहीत."

सगळ्या माना नन्नाकडं वळल्या. नन्ना भिंतीला टेकून उभा होता. "मी नाही," म्हणाला. "मला करायचं असतं तर अंगठा खाली ठेवला असता." कोणीतरी मागून घाणेरडं काहीतरी बोललं.

आई उठली. "ते माझे कांदे आहेत," ती म्हणाली. "माझ्या आईचं बी. मी लावले. पिशव्या मी शिवल्या. ह्याचा काही संबंध नाही."

ते दूध थंड करायचं मशीन एकदम मोठ्यानं घरघरायला लागल्यासारखं वाटलं. मी धाकट्याकडं बघितलं. त्याचा चेहरा पार उतरला होता, मिठाच्या दुकानात उभा असायचा ना, तसा. मला वाटलं, आता हा गोठ्यात पळणार. पळाला असता तर बरं झालं असतं, असं आज मी म्हणते. पण तो आता शिकलेला होता. तो पाणी प्यायला. साहेबाकडं वळला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, हे मी बैठकीत सांगणार नव्हतो, घरातली गोष्ट आहे. आईला हल्ली कळत नाही. कशालाही कापड बांधत सुटते. नळाला, दाराच्या कडीला. काय करतेय हे तिच्या लक्षात राहत नाही."

मी उठलेच. "अरे धाकट्या!"

आईनं माझ्या पायावर पाय दिला. असा दिला की मी खाली बसले. ती त्याच्याकडं बघत होती. तिचा चेहरा मी विसरणार नाही. आधी तिला समजलंच नाही, मग समजलं, आणि मग तिनं ते घेतलं, जसं वाढलेलं ताट घ्यावं तसं.

"काय बोलतोस तू!" हे ओरडला नन्ना. ज्याची मान सुटत होती तोच. "तुझी आई? ह्या खोलीतल्या सगळ्यांना विकून खाईल इतकी शहाणी बाई ती! परवा माझ्या म्हशीचं पोट बघून तिनं सांगितलं की..."

"नाही हो," आई म्हणाली. "खरंय त्याचं. मला नाही कळत हल्ली."

"अहो, आत्ता तुम्ही एवढं धडधडीत बोललात!"

"काय बोलले?" आई म्हणाली आणि हसली. ते हसणं भयंकर होतं, आणि खोलीतल्या अर्ध्या लोकांनी लगेच माना डोलावल्या, हो, दिसतंच आहे. माणसाला विश्वास ठेवायचा असला की किती पटकन ठेवता येतो.

साहेब गोंधळला. तो काही डॉक्टर नव्हता. म्हणाला, गटाचं म्हणणं काय आहे ते मला एकमुखानं सांगा, मी तसं वर कळवतो. आणि मग धाकट्यानं, माझ्या सख्ख्या भावानं, ते केलं. म्हणाला, अंगठे.

आईला कळत नाही, हे ज्यांना मान्य आहे त्यांनी. गावाच्या मुठी पुढं आल्या. थांबलेली दोन घरं सगळ्यांत आधी. शेजारची काकू, जी कांदा कधी काढू हे विचारायला दर हंगामाला आईकडं यायची, तिचा वर. दूध परत पाठवणाऱ्याचा वर. आईचा स्वतःचा वर. आईनं दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं आणि वर उचललं. मी हात ओढला तर ती म्हणाली, अगदी हळू, "माझी शपथ."

नन्ना एकटा राहिला. मूठ पुढं, अंगठा खाली. त्यानं आईकडं बघितलं. आईनं त्याच्याकडं असं बघितलं की मला नजर वळवावी लागली, आपल्या आईला कोणापुढं तसं बघताना बघवत नाही. आयुष्यभर नाही म्हणणारा तो माणूस, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि अंगठा वर गेला. मग तो बाहेर पडला.

मॅडमनी नंतर धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. कठीण परिस्थितीत तुम्ही गट फुटू दिला नाही, म्हणाल्या. त्यांना खरं वाटलं होतं, त्यांचा दोष नाही.

संध्याकाळी मी घरी आले तर आई खुर्चीवर चढून नळाला फडकं बांधत होती. दाराच्या कडीला बांधून झालं होतं.

"हे काय चालवलंयस?"

"उद्या गोंडे कापताना साहेब इथं असणार. चहाला घरी येईल," ती म्हणाली. "धाकटा बोलून बसलाय नळाला बांधते म्हणून. मग नको बांधायला? खुर्ची धर जरा."

मी खुर्ची धरली नाही. मी ओरडले, भांडले, धाकट्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो कोपऱ्यात बसून रडत होता. म्हणाला, ताई, मला दुसरं काही सुचलं नाही, सगळं गाव गेलं असतं. आई खुर्चीवरून उतरली आणि तिनं त्याचं डोकं पोटाशी धरलं. "गाढवा," मला नव्हे, त्याला म्हणाली, "रडतोस काय? आई कशाला असते?" आणि मला म्हणाली, "तू तोंड आवर. झालं ते झालं."

साहेब आला, चहा प्यायला, फडकी बघून मान हलवून गेला. उमललेले गोंडे कापले, बाकीचे वाढले. करार वाचला. शाळेमागचे उरलेले दांडे साहेबासमोर उपटून जाळले, आणि आई ते बघायला गेली नाही. पुरचुंडीत तळाला तीन-चार वर्षांपूर्वीचं थोडं बी उरलं होतं, त्याच्यातलं तिनं ओल्या कापडात ठेवून बघितलं. एकही उगवलं नाही.

मला वाटलं होतं एवढ्यावर संपेल. पण खोटं एकदा घरात घेतलं की त्याला जेवू घालावं लागतं. मॅडमनी शहरातल्या एका डॉक्टरचा पत्ता पाठवला, स्मृतीच्या आजाराचे, फार चांगले. नेलं नाही तर लोक काय म्हणतील, म्हणून धाकटा आईला घेऊन गेला, मीही गेले. डॉक्टरनं विचारलं, आज वार कोणता? आईनं चुकीचा सांगितला. विचारलं, शंभरातून सात गेले किती? दूध-डेअरीचा हिशेब बोटावर करणारी माझी आई म्हणाली, गेले तर जाऊ द्या. बसमध्ये माझ्या कानाशी लागून म्हणाली, "वार मुद्दाम पुढचा सांगितला. मागचा सांगितला असता तर वाटलं असतं नुसती विसरली." आणि हसली. मला हसू आलं नाही.

डॉक्टरनं गोळ्या दिल्या. साहजिकच आहे.

गावानं आईला काही वाईट वागवलं नाही. उलट. रस्त्यात भेटली की हात धरून घरी आणून सोडायचे, ती नन्नाच्या म्हशीकडं निघालेली असली तरी. मोठ्यानं, सावकाश बोलायचे. काकूनं त्या हंगामाला कांदा कधी काढायचा ते दुसऱ्या कोणाला विचारलं. आई कुंपणाशी जाऊन म्हणाली, अजून आठ दिवस थांब, पातीची मान पडलेली नाही. काकू म्हणाली, हो हो, चला आत, ऊन लागेल. आणि त्याच दिवशी काढला. नन्ना तेवढा यायचा, ओट्यावर बसायचा, तिच्याशी पूर्वीसारखा वाद घालायचा. मग लोक त्याला म्हणायला लागले, आजारी बाईला कशाला त्रास देता? तो येईनासा झाला.

गोळ्यांनी तिचे हात जड झाले. दुपारी बसल्या बसल्या मान पडायची. मी धाकट्याला म्हटलं, आता पुरे. बी गेलं, करार पक्का झाला, साहेब परत विचारायला येत नाही. आता कोणाला दाखवायचंय?

तो गोळ्यांची पट्टी हातात घेऊन उभा होता. आता तो दुसऱ्या गावांत जाऊन नेतृत्व शिकवतो, त्यामुळं निघायची घाई होती. माझ्याकडं फार मायेनं बघितलं त्यानं. म्हणाला, "ताई, तुला स्वीकारायला जड जातंय. मॅडम म्हणाल्या, घरच्यांचं असंच होतं."

"अरे, नाटक होतं ते! तुझं नाटक! तू डेअरीत बोललास आणि तिनं झेललं!"

"मला आधीपासूनच शंका येत होती," तो म्हणाला. "नाहीतर मी तसं बोललो असतो का?"

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. तो खोटं बोलत नव्हता. देवा शपथ, त्याला खरंच तसं वाटत होतं.

मी मागच्या अंगणात आईकडं गेले. ती पालेभाजीच्या वाफ्याशी बसली होती, काही करत नव्हती. तिला सगळं सांगितलं. म्हटलं, आज तू त्याला बस म्हण समोर, आणि वार सांग, शंभरातून सात घालव, त्याच्या कानफटात मार, काही कर. त्याला खरं वाटायला लागलंय!

"मला ठाऊक आहे," आई म्हणाली. जीभ जड झाली होती, पण शब्द जागच्या जागी होते. "बरेच दिवस झाले. खरं वाटू दे त्याला."

"का म्हणून?"

"नाहीतर तो काय घेऊन जगेल?" ती म्हणाली. "आपल्या चांगल्या आईला चार माणसांत वेडी ठरवलं, हे घेऊन? त्याला नाही झेपायचं ते. तो मुळातच तसा आहे."

"आणि मी? मला आई नको?"

तिनं माझ्याकडं बघितलं. उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात दारातून धाकटा पाण्याचा पेला घेऊन आला आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "आई, आ कर."

तिनं आ केला.